स्वस्त नेलपॉलिश आणि क्रॅकल फिनिश : प्रकल्प नोंदी

२ मे २०२४ : खरेदी

पुण्यातल्या तुळशीबागेतून साध्या नेलपॉलिशच्या पाच बाटल्या आणल्या. किंमत ३० ते ७० रुपये, माप ५ ते ९ मिली. तुलनेसाठी एक ४०० रुपयांची, ११ मिलीची. क्रॅकलच्या, म्हणजे वाळताना तडे पडून खालचा रंग दाखवणाऱ्या नेलपॉलिशच्या, तीन मिळाल्या, ९० ते १५० रुपयांच्या. कंपन्यांची नावं नोंदीत घेत नाही, बाटल्यांना अक्षरं दिली आहेत. अ गुलाबी, ब पांढरी, क चंदेरी शिमर, ड लाल, इ सोनेरी, म ती महागडी, तीही लाल. क्रॅकलच्या तिघींना काळं क्रॅकल, पांढरं क्रॅकल आणि निळं क्रॅकल असंच म्हणू.

तपासायचं आहे ते एवढंच: तडे मनासारखे पाडायला महाग बाटली लागते, की खालचा थर, रंगाच्या हाताची जाडी आणि हवा सांभाळली तर स्वस्तातलं चालतं?

क्रॅकल विकत घेताना जुन्या मालाकडे लक्ष हवं. ओपीआय या नेलपॉलिश कंपनीने जानेवारी २०११ मध्ये गायिका केटी पेरीच्या नावाच्या संग्रहात 'ब्लॅक शॅटर' आणलं, आणि त्याच वर्षी बऱ्याच कंपन्यांनी आपापलं क्रॅकल काढलं. ती लाट ओसरली, पण दुकानातल्या मागच्या खणांत बाटल्या राहिल्या. बाटली उलटी करून धरावी. रंग तळाशी बसलेला असेल आणि हळूहळू सुटून वर येत असेल तर हरकत नाही. तळाशी वडी झाली असेल, रंग मिसळायला आत घातलेली स्टीलची गोळी जागची हलत नसेल, तर ती बाटली परत ठेवावी, पातळ करूनही ती नीट होत नाही. लेबलवर निर्मिती परवाना क्रमांक, बॅच, तारीख, एमआरपी आणि घटक असायला हवेत. जुन्या छापील तारखेवर नवा कागद चिकटवलेला दिसला तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नये.

घटकांच्या यादीत आम्ही टाळायची तीन नावं शोधतो: टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट. तिसऱ्यावर युरोपात सौंदर्यप्रसाधनांमध्ये बंदी आहे. स्वस्त बाटल्यांपैकी दोघींवर घटक छापलेलेच नाहीत. त्या फक्त नकली नखांवर वापरायच्या, बोटांवर नाहीत.

४ मे : मांडणी

पारदर्शक प्लास्टिकच्या नकली नखांचं पाकीट, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दुहेरी चिकटपट्टी. एका पट्टीवर दहा नखं. नखांचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो, म्हणून बारीक बफर (नख घासायची पट्टी) हलका फिरवून चमक घालवली आणि कोरड्या कापडाने पुसून घेतलं. या नखांवर रिमूव्हरचा बोळा फिरवायचा नाही. ती बहुतेक एबीएस प्लास्टिकची असतात आणि ॲसिटोनने वितळतात. चूक झाली तर नख फेकून नवं लावायचं.

याच कारणाने नकली नखावर नेलपॉलिश खऱ्यापेक्षा जास्त घट्ट धरते: नेलपॉलिशमधला द्राव प्लास्टिकलाही जरासा चावतो. म्हणून किती दिवस टिकते याची परीक्षा या पट्ट्यांवर करण्यात अर्थ नाही. रंग, जाडी आणि तडे एवढंच इथे पाहायचं.

जाडी डोळ्यांनी ठरवली की रोज वेगळी येते. म्हणून सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला. रंग लावण्याआधी दहा नखांची पट्टी तोलायची, शेवटच्या नखावरून ब्रश उचलला की लगेच पुन्हा तोलायची. उशीर केला तर द्राव उडून वजन घटतं. एका नखाचं वजन या काट्यावर नीट कळत नाही, दहांचं कळतं. दहा नखांवर ०.२५ ग्रॅम बसलं म्हणजे मध्यम हात. ओल्या थराची जाडी तेव्हा साधारण मिलिमीटरचा दहावा भाग भरते.

वेळ सकाळी आठ ते दहा, पंखा बंद, खिडक्या उघड्या. खोलीत २८ अंश, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास. नेलपॉलिशमधला इथाइल ॲसिटेट अत्यंत ज्वालाग्राही, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. त्या खोलीत समई, उदबत्ती, गॅसची शेगडी काहीही पेटलेलं नको.

८ मे : आधी साध्या बाटल्या

बाटली जोरात हलवायची नाही. दोन तळव्यांत धरून मिनिटभर घोळवायची, म्हणजे रंग मिसळतो आणि हवा आत शिरत नाही. हलवलेल्या बाटलीतून लावलेल्या थरात टाचणीच्या टोकाएवढे फुगे राहतात. जाड हात आणि वर पंखा हीही फुग्यांची कारणं आहेत: वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतली वाफ त्यातून वाट काढते.

क आणि इ म्हणजे शिमरच्या दोन्ही स्वस्त बाटल्या उत्तम. दोन हातांत नख झाकलं, ब्रशच्या रेघा जवळजवळ दिसत नाहीत. ड तीन पातळ हात मागते, पण शेवटी म च्या शेजारी ठेवली तर दिवसाउजेडात फरक शोधावा लागतो. अ मध्ये पहिल्या हाताला रेघा पडल्या, दुसऱ्याने भरल्या. ब चं मात्र जमलं नाही. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा, तो जड असतो, भरपूर घालावा लागतो आणि लवकर खाली बसतो. थर खडूसारखा येतो, ब्रश दुसऱ्यांदा फिरला की खालचा थर उकरला जातो. स्वस्तात पांढरा आणि फिके दुधाळ रंग घेऊ नयेत, हे आमचं ठाम मत आहे. चंदेरी आणि सोनेरी बिनधास्त घ्यावेत, आणि क्रॅकलखाली तेच जास्त खुलतात.

अ आणि ड चे ब्रश वाईट होते, केस फिसकारलेले, एखादा आडवा निघालेला. रिमूव्हरमध्ये धुऊन, वाळवून, बाहेर आलेले केस बारीक कात्रीने तिरपे कापले आणि टोकाला किंचित गोलाई दिली. ड च्या रेघांपैकी बऱ्याच यानेच गेल्या.

१० मे : बाटलीत द्राव किती, रंग किती

ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर प्रत्येक बाटलीतलं १ ग्रॅम ओतून पातळ पसरलं आणि दोन दिवस वाळू दिलं. उरलेलं वजन म्हणजे नखावर प्रत्यक्ष राहणारा भाग. बाकीचं सगळं इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट, थोडं अल्कोहोल, ते हवेत जातं.

अ ०.२४, ब ०.२९, क ०.२२, ड ०.२५, इ ०.२३, म ०.३१ ग्रॅम.

म मध्ये खरोखरच माल जास्त आहे, म्हणून ती दोन हातांत झाकते. पण हिशेब केला तर ११ मिलीतून साधारण ३.४ ग्रॅम सुका थर मिळतो, म्हणजे ग्रॅमला ११७ रुपये. ड ६ मिलीची, ४० रुपयांची, तिच्यातून दीड ग्रॅम मिळतो, ग्रॅमला २७ रुपये. एक हात जास्त दिला तरी ती तिपटीहून जास्त स्वस्तच पडते.

याच वेळी काळं क्रॅकल आणि ड शेजारी शेजारी काट्यावर ठेवून पाहिलं. क्रॅकलचं पहिल्या दोन मिनिटांत जेवढं वजन उडालं तेवढं ड चं उडायला सहा मिनिटं लागली. क्रॅकलचं मर्म या फरकात आहे. साध्या नेलपॉलिशमध्ये थर बनवणारं नायट्रोसेल्युलोज लवचीक राहावं म्हणून कापूर, सायट्रेट यांसारखे मऊ ठेवणारे घटक घालतात. क्रॅकलमध्ये ते कमी, रंगाची पूड जास्त आणि द्राव झटकन उडणारा. थर वाळतो, आकसतो आणि ताणला जाऊ शकत नाही म्हणून फाटतो. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल भेगाळतो त्याचंच हे छोटं रूप.

१३ मे : खालचा थर किती वाळलेला हवा

सगळ्या पट्ट्यांवर क चे दोन हात. त्यावर काळं क्रॅकल, मध्यम हात, वेगवेगळ्या अंतराने.

तीन मिनिटांनी: ब्रशबरोबर चांदी ओढली गेली, काळ्यात मिसळून राखाडी चिखल झाला. दोन-तीन फाटे पडले, तेही वेडेवाकडे.

दहा मिनिटांनी: तडे पडले, रुंद पडले, पण कडा फाटक्या. कुठेकुठे खालची चांदीही सुरकुतून काळ्याबरोबर सरकली आणि भेगेतून प्लास्टिक दिसलं.

अर्ध्या तासाने: स्वच्छ. ३० ते ४० सेकंदांत तडे दिसू लागले, दीड मिनिटात थांबले, कडा धारदार.

दोन तासांनी: तसंच, तडे किंचित बारीक.

दुसऱ्या दिवशी: तडे बारीक आणि अपुरे, कडेच्या भागात तर उमटलेच नाहीत. त्याच नखावर टॉपकोटचा, म्हणजे रंगावर द्यायच्या पारदर्शक थराचा, एक हात देऊन अर्धा तास थांबून पुन्हा क्रॅकल लावलं तेव्हा भेगा पूर्ण उघडल्या.

बेस, म्हणजे खालचा रंगाचा थर, न लावता थेट नखावर: मंद काळा थर, केसाएवढ्या दोन-चार चिरा. बस्स.

क्रॅकलला फाटायला खाली घसरगुंडी लागते. त्याचा द्राव बेसचा वरचा पापुद्रा क्षणभर मऊ करतो आणि काळे तुकडे त्यावर सरकून एकमेकांपासून दूर होतात. बेस नसेल तर थर नखाला घट्ट धरतो, सरकत नाही. बेस ओला असेल तर तोच तुकड्यांबरोबर निघून जातो. बेस फार जुना झाला की मऊ व्हायला वेळ घेतो आणि तोवर वरचं वाळून गेलेलं असतं. डब्यावर 'बेस पूर्ण वाळल्यावर लावा' एवढंच लिहिलेलं असतं. आमच्या हवेत त्याचा अर्थ अर्धा तास ते दोन तास असा घ्यावा. बोट टेकवून ठसा उमटत नाही ही खूण पुरेशी नाही, कारण ठसा सातव्या-आठव्या मिनिटालाही उमटत नाही.

१६ मे : जाडी

क चे दोन हात, पाऊण तास थांबून काळं क्रॅकल, फक्त वजन बदलत नेलं. दहा नखांवर:

०.०८ ग्रॅम. तडे नाहीत. राखाडी, पूड भुरभुरल्यासारखा थर. अगदी पातळ थरात फाटण्याइतका ताणच साठत नाही.

०.१२ ग्रॅम. बारीक जाळी, तुकडे अर्धा ते एक मिलिमीटर. लांबून पाहिलं तर नुसता खरखरीत राखाडी रंग वाटतो. लहान नखांवर मात्र हीच जाळी शोभते.

०.२० ते ०.२५ ग्रॅम. तुकडे दीड ते दोन मिलिमीटर, भेगा नीट दिसणाऱ्या. बाटलीवरच्या चित्रात असतं ते हे.

०.४० ग्रॅम. तुकडे चार-पाच मिलिमीटर, भेगा एकेक मिलिमीटर रुंद, अंगठ्याच्या नखावर जेमतेम तीन-चार तुकडे. तडे पडायला दोन मिनिटं लागली आणि पुरतं वाळायला पंधरा. तुकड्यांच्या कडा वर उचललेल्या, बोट फिरवलं की लागतात.

०.६० ग्रॅम. ओघळ. मधे तडे, कडेला नुसती काळी गादी. दुसऱ्या दिवशीही नखाने दाबलं तर खूण उठते.

थर जाड तितकं दोन भेगांमधलं अंतर मोठं, पातळ तितकं लहान, हे तिन्ही क्रॅकलमध्ये सारखंच निघालं. ९० रुपयांची आणि १५० रुपयांची बाटली यांत फरक होता तो एवढाच की पांढऱ्या क्रॅकलला प्रत्येक वेळी थोडं जास्त माप लागलं, कारण त्यातली पूड जड. म्हणजे डिझाइन बाटली ठरवत नाही, ब्रशवर किती घेतलं ते ठरवतं. बाटलीच्या गळ्याला ब्रशची एक बाजू पूर्ण निथळून दुसऱ्या बाजूवर मण्याएवढा थेंब ठेवला की करंगळीला पुरतो. अंगठ्याला तसे दोन. या मापाने हात बसवला की काटा लागत नाही.

मिश्र जाडीही करून पाहण्यासारखी आहे. नखाच्या मुळाशी पातळ आणि टोकाकडे जाड लावलं तर तुकडे मुळाशी बारीक, टोकाला मोठे होत जातात. आतापर्यंतच्या सगळ्यांत देखणी पट्टी ही आहे.

१९ मे : ब्रशची दिशा

उभे फराटे मारले तर मुख्य भेगा उभ्या पडतात, आडवे मारले तर आडव्या. रंगाची पूड फराट्याच्या दिशेने रांगेत बसते आणि थर त्या रेषेवर आधी फाटतो. लहान नखाला उभ्या भेगांनी लांबी येते, म्हणून मधे एक आणि दोन बाजूंना एकेक असे तीनच फराटे, मुळापासून टोकापर्यंत, न थांबता.

एकदा गेलेल्या जागी ब्रश पुन्हा न्यायचा नाही. दहा सेकंदांनी गेलेला दुसरा फराटा सुरू झालेली भेग बुजवतो, आणि तिथे पुन्हा तडा जात नाही, कारण खालचा तुकडा तोवर वाळलेला असतो. जागा सुटली तर ती सुटू द्यावी. खालचा रंग दिसणं हाच या फिनिशचा स्वभाव आहे, सुटलेली जागा कोणाला ओळखूही येत नाही.

ब्रश न वापरता मेकअपच्या स्पंजचा तुकडा कात्रीने कापून टिपून लावलं तर भेगांना दिशा राहत नाही, त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडे पसरतात. स्पंज द्राव पितो, त्यामुळे दोनदा टिपल्यावर तो तुकडा टाकून नवा घ्यायचा.

एकेक नख पूर्ण करून पुढे जावं. बाटली उघडी ठेवून पाच नखं करेपर्यंत काळं क्रॅकल इतकं घट्ट झालं की पाचवं नख पहिल्यासारखं आलंच नाही. प्रत्येक नखानंतर झाकण लावावं.

२३ मे : टॉपकोट

क्रॅकल वाळल्यावर मंद, खरखरीत आणि ठिसूळ असतं. टॉपकोटशिवाय ते एका दिवसात कपड्यांच्या धाग्यांत अडकू लागतं. टॉपकोट लावल्यावर रंग एकदम खोल होतो, भेगांमधली चांदीही चमकते.

कधी लावायचा? क्रॅकलनंतर दोन मिनिटांनी लावलेल्या टॉपकोटने काळा रंग भेगांत ओढला. पाच मिनिटांनी कमी ओढला. पंधरा मिनिटांनी अजिबात नाही. पांढऱ्या किंवा फिक्या बेसवर काळं असेल तर वीस मिनिटं धरावीत, कारण तिथे थोडासा काळेपणाही लपत नाही. ब्रशवर भरपूर टॉपकोट घेऊन तो जवळजवळ तरंगत न्यायचा, केस थराला टेकता कामा नयेत. दर दोन नखांनंतर ब्रश टिश्यूवर पुसावा, नाहीतर टॉपकोटची बाटली आतून काळवंडते.

जाड क्रॅकलवर, म्हणजे ०.४० ग्रॅमच्या पट्टीवर, एका हाताने पातळी सारखी होत नाही. दुसरा हात अर्ध्या तासाने. झटपट वाळणाऱ्या टॉपकोटने टोकाकडे थर आत ओढून घेतला, नखाच्या कडेला पांढरी रेघ उघडी पडली. तो आकसतो आणि खालचं अजून कच्चं असेल तर सोबत घेऊन येतो. नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही ब्रश फिरवून कड बंद केली तेव्हा ओढ थांबली.

मॅट टॉपकोटही लावून पाहिला. सोनेरीवर काळं, त्यावर मॅट: जुन्या पितळी भांड्यावरच्या नक्षीसारखं दिसतं. चंदेरीवर मात्र मॅट लावू नये, चांदी शिशासारखी मरते.

२९ मे : घट्ट झालेली बाटली

दुपारी ३९ अंश. क्रॅकलच्या तिन्ही बाटल्या घट्ट होऊ लागल्या. निळ्याची तार लोंबते.

पातळ करायला रिमूव्हर कधीही नको. त्यात ॲसिटोनबरोबर पाणी, तेल, ग्लिसरीन, सुगंध असतं. पहिल्या दिवशी बरं वाटतं, मग रंग फुटून खाली बसतो आणि थर बराच काळ चिकट राहतो. नेलपॉलिशचा थिनर म्हणजे इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट, तोच घालावा. साध्या नेलपॉलिशला १० मिलीमागे तीन ते पाच थेंब, तळव्यांत घोळवून दहा मिनिटं ठेवायची, मग पाहायचं. क्रॅकलला एका वेळी एकच थेंब. निळ्यात तीन थेंब एकदम टाकले त्या पट्टीवर तडे मंद आणि गोलसर पडले: ब्युटाइल ॲसिटेट हळू उडतो, थराला सावकाश बसायला वेळ मिळतो, ताण कमी होतो. झाकण उघडं ठेवून जादा द्राव उडवून दिल्यावर गाडी रुळावर आली.

बाटलीचा गळा दर वेळी रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून कोरडा करावा. गळ्यावर वाळलेला रंग साचला की झाकण पूर्ण बसत नाही, आणि बाटली सुकते ती तिथूनच.

३ जून : साध्या नेलपॉलिशचं क्रॅकल करता येतं का

पहिला उपाय बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो तो: काळ्या नेलपॉलिशमध्ये अल्कोहोल घालायचं. ३० रुपयांच्या काळ्या बाटलीतलं २ मिली वाटीत घेऊन आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घातलं. पाच-सहा थेंबांपर्यंत ती नुसती पातळ झाली, तडे नाहीत. पुढे गुठळ्या. अल्कोहोल एकटं नायट्रोसेल्युलोज विरघळवत नाही, ॲसिटेटच्या जोडीनेच काम करतं. प्रमाण वाढलं की नायट्रोसेल्युलोज बाहेर पडतं. हा उपाय सोडून द्यावा.

दुसरा उपाय हस्तकलेतला, आणि तो चालतो. नेलपॉलिशचा बेस पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर फेविकॉलचा पांढरा गोंद मऊ ब्रशने, दुधाळ दिसेल इतका, सगळीकडे सारखा. गोंद कडेने पारदर्शक होऊ लागला पण बोटाला चिकटतोय, अशा वेळी, म्हणजे तीन-चार मिनिटांनी, ॲक्रिलिक रंगाचा एकच हात. रंगात पाणी घालायचं असेल तर चार भागांना एक भाग, जास्त नाही. वरचा रंग वाळून आकसतो, खाली गोंद अजून ओला असतो, आणि एक-दोन मिनिटांत भेगा उघडतात. केसांचा ड्रायर गार हवेवर फिरवला तर आणखी रुंद. गोंद जाड तर भेगा रुंद, पातळ तर बारीक.

गोंद पूर्ण वाळल्यावर रंग लावला तर काही होत नाही. रंग दोनदा लावला तरी नाही. आणि हे फिनिश पाण्याने फुगतं, त्यामुळे टॉपकोटचे दोन हात द्यावेत आणि कड नीट बंद करावी. तरी भांडी घासणाऱ्या हाताला ते एक दिवसाचं. एका कार्यक्रमापुरतं, हव्या त्या रंगाचं क्रॅकल हवं असेल तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. बाजारात पोपटी किंवा चिंतामणी रंगाचं क्रॅकल शोधून मिळत नाही, ॲक्रिलिकच्या ट्यूबमध्ये सगळे रंग आहेत.

१७ जून : पाऊस

खोलीत २५ अंश, आर्द्रता ८६ टक्के. नेमक्या याच हवेसाठी प्रयोग जूनपर्यंत ताणला होता.

ड च्या लाल थरावर पाच मिनिटांत दुधी झाक चढली. द्राव भराभर उडतो तेव्हा थर गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बारीक कणांनी जमतं आणि थरात अडकतं. नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरने लाकडी सामान रंगवणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो. म वरही झाक आली, थोडी कमी. शिमरमध्ये ती दिसत नाही, शिमर नसलेल्या गडद रंगांत फार दिसते.

झाकेवर उपाय: थर वाळल्यावर कोरड्या खोलीत टॉपकोटचा एक भरपूर हात. त्याचा द्राव वरचा पापुद्रा पुन्हा उघडतो आणि पाण्याला बाहेर जायला वाट मिळते. लालमधली झाक याने पूर्ण गेली. ती येऊच नये म्हणून पातळ हात द्यावेत आणि दोन हातांत दहा मिनिटं अंतर ठेवावं. थिनरऐवजी शुद्ध ब्युटाइल ॲसिटेटचे दोन थेंब घातले तर थर सावकाश वाळतो आणि कमी गार पडतो. साध्या नेलपॉलिशला हा उपाय चांगला, क्रॅकलला नाही, कारण सावकाश वाळलं की तडे नीट पडत नाहीत.

क्रॅकलचं पावसात असं झालं: १६ मेच्याच मापाने, ०.२२ ग्रॅम, तडे दीडऐवजी तीन मिनिटांनी थांबले, तुकडे मोठे, भेगा कमी, काळा रंग राखाडी. बेसही अर्ध्या तासात तयार नव्हता, त्यामुळे काही भेगांतून चांदी ओढली गेली. एसी लावलेल्या खोलीत आर्द्रता ५५ टक्क्यांवर आल्यावर तीच बाटली मेसारखी वागली. एसी नसेल तर बेस आदल्या रात्री लावावा, सकाळी त्यावर टॉपकोटचा हात देऊन तासभर थांबावं आणि क्रॅकलचं माप थोडं कमी घ्यावं, दहा नखांना ०.१८ च्या आसपास. भेगा मेएवढ्या धारदार येत नाहीत, पण संख्या बरोबर येते.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर हेच माप मूळ धरावं.

२४ जून : खऱ्या नखांवर

घटक छापलेल्या बाटल्याच घेतल्या. नख पाणी पितं, फुगतं आणि पसरतं, सुकलं की परत आकसतं. नेलपॉलिशचा थर त्याच्याबरोबर सारखा हलत नाही, म्हणून कडेने सुटतो. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच लावू नये, तासभर जाऊ द्यावा. केसांना तेल लावलेल्या दिवशी तर नखांवर तेलाचा अंश असतोच. लावण्याआधी प्रत्येक नख अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावं, मुळाशी आणि दोन्ही कडांना नीट. या पुसण्याने जेवढा टिकाऊपणा वाढला तेवढा महागड्या बाटलीने वाढला नाही.

बेसकोट (रंगाआधी द्यायचा पारदर्शक थर), क दोन हात, काळं क्रॅकल, टॉपकोट दोन हात: चौथ्या दिवशी टोकं झिजली, सहाव्या दिवशी तर्जनीवर टवका. ड एकटी, टॉपकोटसह, चौथ्या दिवशीच उडाली. क्रॅकल वरच्या झिजेला लपवतं, लहान टवका भेगांत मिसळून जातो, हा त्याचा मोठा फायदा.

लालखाली बेसकोट हवाच. तो न लावलेल्या नखावर आठवड्याने पिवळसर डाग राहिला. तो रिमूव्हरने जात नाही, नख वाढूनच जातो. पापण्या किंवा मानेवर खाज, लाली आली तर नेलपॉलिशवर संशय घ्यावा. काही नेलपॉलिशमधल्या टोसिलामाइड-फॉर्मल्डिहाइड रेझिनची ॲलर्जी बहुतेकदा बोटांवर न दिसता, हात जिथे जिथे लागतो तिथे दिसते.

२ जुलै : काढणं

क्रॅकलसह पाच-सहा थर असतात, घासून काढलं तर नखाचा वरचा पापुद्रा निघतो आणि काळा रंग बोटांच्या कातडीत घुसतो. कापसाचा नखाएवढा तुकडा ॲसिटोनच्या रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, वरून फॉइल गुंडाळायची, पाच मिनिटं. मग नख हलकं दाबून कापूस मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढायचा. राहिलेल्या ठिकाणी पुन्हा दोन मिनिटं. आधी नखांभोवती खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं तर काळा रंग कातडीला धरत नाही, पण नखावर लागू देऊ नये, कारण तिथे रिमूव्हर पोचत नाही.

फेविकॉलचं क्रॅकल कोमट पाण्यात पाच मिनिटं बोटं बुडवून ठेवली की कडेपासून साल निघावी तसं सुटतं. खालचा नेलपॉलिशचा बेस तसाच राहतो. तो टणक आणि चमकदार असेल तर टॉपकोटचा एक हात देऊन त्याच्यावरच पुढचा रंग लावता येतो.

वापरलेला ॲसिटोनचा कापूस बंद डब्यात टाकून घराबाहेर ठेवावा. जेमतेम तळाशी उरलेल्या बाटल्या मोरीत ओतू नयेत. झाकण उघडून गॅलरीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी वाळू द्याव्यात आणि कडक झाल्यावर घरातल्या घातक कचऱ्याबरोबर द्याव्यात. आतल्या स्टीलच्या गोळ्या आधी काढून रिमूव्हरने धुऊन ठेवल्या आहेत. ब ची पांढरी बाटली आणि निळं क्रॅकल अजून घट्ट आहे, त्यांत त्या गोळ्या घालायच्या आहेत.